लगामाखालील जीभ

घोड्यांनी आपले ऐकावे म्हणून त्यांच्या तोंडात लगाम घालतात, असे याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे. त्यावरून आम्ही माणसाच्या जिभेविषयी पुष्कळ बोध केला. परंतु घोड्याची जीभ आम्ही कधी पाहिली काय? पुढचे दात व दाढा यांच्यामध्ये जी मोकळी हिरडी असते, तेथे लगामाचे लोखंड बसते आणि त्याखाली जीभ असते. तोंडात जागा थोडी. लगाम ओढला की ती चेपते. मग जनावर जबडा उघडते, मान झटकते, किंवा जीभ लोखंडावर काढून घेते. त्याला आम्ही खोडकर म्हणतो, आणि वर त्याचे तोंडच आवळून बांधतो! मधोमध कमान असलेल्या लोखंडाने जिभेस काहीशी मोकळीक मिळते. मात्र कमान फार उंच असली तर टाळूस बोचते. आणि हात जड असेल तर साधा लगामही छळतोच. काटेरी लगामास तर गाडीच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ च्या सरकारी नियमांनी मनाई केली आहे. ज्या बंधूच्या खुंटीवर तो अद्याप लटकत असेल, त्याने येत्या रविवारी उपासनेस निघण्यापूर्वी आपल्या घोड्याचे तोंड उघडून पाहावे.