राइटने काय सांगितलं, ते बघितलंस का?

पेनड्राइव्ह खराब आहे, असं पुन्हा माझ्यासमोर म्हणू नकोस. तुझी फाइल 4,29,49,67,295 बाइटांवर थांबली आहे. आकडा नीट वाच. दोनाचा बत्तिसावा घात, वजा एक. ड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेला आहे आणि फॅट32 फाइलचा आकार 32 बिटांतच नोंदवते. ड्राइव्ह 64 जीबीचा असला म्हणून काय झालं? आतला डेटा काढून घे, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर, संपलं. हे तुला माहीत नव्हतं, याबद्दल मी बोलणार नाही.

मी बोलतोय तुझ्या बॅकअप प्रोग्रामच्या लूपबद्दल. एकेक एमबीचा तुकडा लिहीत गेलास आणि राइट या सिस्टिम कॉलने परत दिलेला आकडा एकदाही तपासला नाहीस. किती बाइट गेले, हे ते दर वेळी सांगत होतं. शेवटच्या तुकड्यात एक बाइट कमी गेला, तेही सांगितलं. पुढच्या खेपेला उणे एक दिलं, चुकीचा क्रमांक सांगणाऱ्या एररनोमध्ये 27 ठेवलं, म्हणजे फाइल मर्यादेबाहेर गेली. 28 असता तर जागा संपली होती. इतकं स्पष्ट उत्तर समोर असताना तू लूप फिरवत राहिलास आणि शेवटी स्क्रीनवर छापलंस, ‘बॅकअप पूर्ण’!

खोटं बोललास. त्या शब्दांवर विसंबून कुणी मूळ फाइल पुसली असती, तर? एखाद्या दवाखान्याचे रिपोर्ट असते त्यात, तर कुणाला तोंड दाखवलं असतंस?

क्लोजही तपासलेलं नाहीस. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर चूक कित्येकदा तिथेच कळते. आणि राइट यशस्वी झालं तरी डेटा कर्नलच्या मेमरीतच असू शकतो. तो ड्राइव्हवर उतरवणाऱ्या एफसिंकने होकार दिल्याशिवाय ‘पूर्ण’ म्हणायचा तुला अधिकार नाही.

बस आणि पुन्हा लिही. कमी बाइट गेले तर उरलेले तिथूनच पुढे पाठव. उणे एक आलं की आधी एररनो जपून ठेव, प्रिंटएफ नंतर. मधल्या कॉलने तो बदलू शकतो. फाइल तात्पुरत्या नावाने लिही, एफसिंक आणि क्लोज दोन्ही यशस्वी झाले तरच तिचं नाव बदल. मग तात्पुरत्या फाइलच्या जागी लिनक्सचं ‘/डेव्ह/फुल’ देऊन चालवून बघ, तिथे लिहायला गेलं की दर वेळी 28 च मिळतो. तिथेही तुझा प्रोग्राम ‘पूर्ण’ म्हणाला, तर सबमिशनला माझ्याकडे येऊ नकोस.