‘नाही’ आणि ‘सापडत नाही’

माणूस आहे की नाही, हे ठरवतं कोण? वेदान्ती म्हणतील ब्रह्म. आम्ही बँकवाले म्हणतो रजिस्टर. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी काउंटरवर येतात. आजोबा समोर उभे राहून खणखणीत खोकत असतात. पण हयातीच्या दाखल्यावर सही होईपर्यंत ते खोकणं अधिकृत नसतं.

संगणकही याच पंथातला. देऊळघाटचा आमचा भाचा लाटेकवर पुस्तकं जुळवतो. डोनाल्ड कनूथ यांच्या ‘टेक’वर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात उभारलेलं हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर. परवा त्यानं एक जादा पॅकेज उतरवून अगदी योग्य फोल्डरात ठेवलं. लाटेक म्हणालं, ‘फाइल सापडली नाही.’

“मामा, डोळ्यांना दिसतेय की!”

दिसून काय उपयोग? ‘टेक लाइव्ह’ हा संच आपली मुख्य फोल्डरं दर वेळी चाळत बसत नाही, यादी बघतो. यादीत नाव नाही, तर फाइल नाही. ‘टेक्सहॅश’ अशी आज्ञा देऊन यादी नव्यानं करवली, तेव्हा कुठे फाइल जन्माला आली.

हजारो फाइली, हजारो खाती, यादी हवीच. पण यादी आणि वस्तू यांचं भांडण झालं, तर खरं कुणाचं मानायचं? इथे यंत्राचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. ते ‘नाही’ म्हणत नाही, ‘सापडली नाही’ म्हणतं. उणेपणा शोधणाऱ्याकडे घेतं. आपण मात्र समोरच्याला बेधडक सांगतो, “तुमचं नावच नाही!” म्हणजे त्याच्या असण्यावरच फुली.

मध्ये ‘सापडत’ एवढा एक शब्द घालायला काही महागाई भत्ता लागत नाही.