एकाग्रता : हाती घेतलेल्या कर्माची पूजा

भाविकहो, श्रींच्या दर्शनासाठी आपण दूरदूरच्या गावांहून येता, तासन्‌तास रांगेत उभे राहता आणि गाभाऱ्यासमोर येताच काही क्षण सर्व चिंता विसरता. त्या वेळी चित्त एकाग्र होते, हा अनेकांचा अनुभव आहे. परंतु तेच चित्त घरी परतल्यावर कचेरीत, दुकानात अथवा शेतात काम करताना दाही दिशांना धावते. दिवस मावळतो, श्रमही होतात. काम मात्र अपुरे राहते.

मनाची ही चंचलता आजची नाही. श्रीमद्‌भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायात प्रत्यक्ष अर्जुनाने भगवंतांजवळ हीच अडचण मांडली आहे. मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, असे तो म्हणतो. भगवंत त्याचे म्हणणे मान्य करतात आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अभ्यास म्हणजे भरकटलेले मन पुन्हा पुन्हा मूळ ठिकाणी आणणे. दिवसातून शंभर वेळा ते सुटले, तर शंभर वेळा परत आणावे. त्यात कमीपणा नाही. वैराग्याचा अर्थ प्रापंचिकाने एवढाच घेतला तरी पुरे, की कामाच्या वेळी अन्य गोष्टींचा मोह दूर ठेवावा. मंदिरात येताना आपण पादत्राणे बाहेर काढतो. अनेक मंदिरांत भ्रमणध्वनीही बाहेरच ठेवावा लागतो. कामाच्या जागीही तो काही काळ नजरेआड ठेवावा.

कर्म कसे करावे, हे आपली पूजाच शिकविते. पूजेस बसण्यापूर्वी फुले, गंध, अक्षता, नैवेद्य असे सर्व साहित्य जवळ घेतले जाते, म्हणजे मध्येच आसनावरून उठावे लागत नाही. संकल्पात स्थळ, काळ व हेतू यांचा स्पष्ट उच्चार होतो. त्यानंतर सोळा उपचार क्रमाने होतात. अभिषेक चालू असता कोणी आरती ओवाळीत नाही. शेवटी सर्व काही देवाला अर्पण केले जाते. कामाचाही हाच क्रम असावा. साधने आधी जवळ घ्यावी, आज काय पूर्ण करावयाचे ते ठरवावे, एका वेळी एकच काम करावे आणि ते संपल्यावर फळाची चिंता श्रीचरणी सोडावी.

सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संत सावता माळी यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. शके १२१७ मध्ये, म्हणजे इ. स. १२९५ साली, त्यांनी तेथेच देह ठेवला. मळा हेच पंढरपूर मानणाऱ्या या भक्ताच्या भेटीस स्वतः पांडुरंग अरणास आले, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. भाजीच्या वाफ्याला मनापासून पाणी देणे हीच त्यांची पूजा होती.

एकाग्रता केवळ स्वतःच्या उत्कर्षासाठी नसते. ज्या चालकाने आपणास येथवर सुखरूप आणले, त्याचे लक्ष क्षणभर ढळले असते तर? रुग्णाला औषध देणाऱ्या परिचारिकेचे किंवा जमिनीच्या दस्तऐवजावर नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याचे चित्त ठिकाणावर नसेल, तर त्याचे फळ दुसऱ्यालाच भोगावे लागते. ज्याचे काम आपल्या हाती आहे, त्याच्या ठिकाणीही देव आहे. त्याला अर्धवट मन देणे म्हणजे देवाला शिळी फुले वाहणे होय. त्याला ताटकळत ठेवून आपण पोथी उघडून बसलो, तर ती सेवाही देवास रुचणार नाही.

म्हणून भाविकांनी येथून प्रसादाबरोबर एक नियम घरी न्यावा. दररोज निदान एक काम, मग ते कितीही लहान असो, आरंभी श्रींचे स्मरण करून पूर्ण चित्ताने तडीस न्यावे. एक महिना हा नियम पाळला, की दुसऱ्या कामासही तीच सवय लावावी. सर्व भाविकांना स्थिर बुद्धी व कर्मनिष्ठा लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥