ओस पडू लागलेले देवालय

(शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, ओव्या १ ते ७)

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीचे वर्णन वाचताना आपण बहुधा पेंटेकॉस्टच्या दिवसापाशी रमतो, आणि सहाव्या अध्यायाच्या आरंभी जे भांडण आहे त्यावरून लगबगीने पुढे जातो. ते भांडण भाकरीचे होते. मंडळीत इब्री बोलणारे यहूदी होते, तसे ग्रीक बोलणारेही होते. आणि रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जातात, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी ऐक्यावर एक गोड उपदेश करून लोकांना घरी पाठविले नाही. त्यांनी सात माणसे निवडावयास सांगितली व वाटपाचे काम त्यांच्या स्वाधीन केले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना व निकलाव ही ती नावे होत. सातही नावे ग्रीक आहेत, आणि शेवटचा निकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. तो अंत्युखियाचा, मागाहून यहूदी मतात आलेला होता. ग्रीक नावे इब्री लोकांतही असत हे खरे. तथापि सातांपैकी सातही तशीच असावीत, ह्यावरून निवड कोणातून झाली हे उघड दिसते. ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या त्यांच्याच हाती पळी देण्यात आली. आणि सातव्या ओवीत काय लिहिले आहे ते पाहा : त्यानंतर शिष्यांची संख्या फार वाढली.

हा शास्त्रभाग मनात ठेवून आम्ही आज शहरातील मंडळ्यांविषयी लिहीत आहोत. मोठ्या शहरात देवालय जागच्या जागी राहते, पण त्याच्या भोवतालची वस्ती बदलते. जुनी घराणी दूरच्या नव्या वस्त्यांत राहावयास जातात; काही वर्षे रविवारी येतात, मग सणापुरती येतात, मग त्यांच्या प्रेतक्रियाच तेवढ्या तेथे होतात. शेजारच्या घरांत परक्या भाषेचे, परक्या रंगाचे लोक येऊन राहतात. देवालयाला आठवड्याचे सहा दिवस कुलूप असते, आणि आत बसलेले थोडे लोक आपली मंडळी का ओसरली ह्यावर सभा घेतात. खिडकीतून बाहेर पाहण्याचे कोणाला सुचत नाही.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराला लागून, क्लार्क्स्टन नावाचे लहान गाव आहे. तेथील बाप्तिस्मावादी मंडळी १८८३ साली स्थापन झाली व शंभर वर्षे ती गोऱ्या लोकांची मंडळी होती. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, शरणार्थ्यांना वसविणाऱ्या संस्थांना तेथील स्वस्त भाड्याच्या खोल्या सोयीच्या वाटल्या. आणि व्हिएतनाम, बोस्निया, सोमालिया, इथिओपिया, लायबेरिया, सुदान अशा युद्धाने पोळलेल्या देशांतील कुटुंबे त्या गावात उतरू लागली. जुने रहिवासी निघून गेले. ज्या देवालयात एके काळी सुमारे ७०० लोक जमत, तेथे शंभराच्या आसपास उरले. तेव्हा मंडळीच्या वडिलांपुढे दोन वाटा होत्या : इमारत विकून गेलेल्यांच्या मागे जावे, किंवा जे दारात आले आहेत त्यांची मंडळी व्हावे. त्यांनी दुसरी धरली. २००४ साली जुने नाव सोडून ‘क्लार्क्स्टन इंटरनॅशनल बायबल चर्च’ असे नवे नाव घेतले. त्याच इमारतीत निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या आपापल्या वाणीत प्रार्थना करू लागल्या, आणि इंग्रजी उपासनेत नाना देशांचे लोक एका बाकावर बसू लागले. बाके पुन्हा भरली.

हे फुकट झाले नाही. काही जुने सभासद सोडून गेले. ज्या चालीवर आपण लहानपणापासून गात आलो ती चाल आता राहिली नाही, हे त्यांना सोसवेना. आम्ही त्यांची थट्टा करीत नाही. ज्या गीतावर आपल्या आईला मूठमाती दिली ते गीत मागे पडताना काळजाला जे होते ते खरे दुःख आहे. पण ते दुःख पत्करून जे राहिले त्यांनीच मंडळी वाचविली, हेही तितकेच खरे आहे.

दुसरे उदाहरण आमच्या शेतकरी वाचकांना अधिक जवळचे वाटेल. टेनेसी राज्यात नॅशव्हिल शहराच्या आग्नेयेस स्मर्ना नावाचे गाव आहे. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात ज्या स्मुर्णा येथील मंडळीला, तू दरिद्री असूनही श्रीमंत आहेस, अशा अर्थाचा निरोप प्रभूने पाठविला, तिच्याच गावाचे हे नाव. येथील ‘ऑल सेंट्स’ नावाच्या एपिस्कोपल मंडळीत काही वर्षांपूर्वी मतभेदाने फूट पडली व बहुतेक लोक निघून गेले. मागे मूठभर माणसे, नवे देवालय आणि त्यावरचे ८ लाख डॉलरांहून अधिक कर्ज एवढेच राहिले. २००७ च्या सुमारास मायकेल स्पर्लॉक हे पाळक तेथे आले, तेव्हा इमारत व जमीन विकून टाकावी ह्याचाच विचार चालू होता.

अशा वेळी दारात कोण आले? ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, कारेन लोक. स्वदेशीच्या सैन्याने गावे जाळली म्हणून पळालेले, थायलंडच्या छावण्यांत दिवस काढलेले, आणि शेवटी अमेरिकेत येऊन पोहोचलेले हे शरणार्थी होते. ते अँग्लिकन ख्रिस्ती होते, म्हणून आपल्या उपासनेचे देवालय शोधीत आले. त्यांना अन्न, काम, औषध, मुलांना शाळा, सर्वच हवे होते. आणि जिला स्वतःचे कर्ज फेडता येत नव्हते त्या मंडळीपाशी ह्यांतले काहीच नव्हते. व्यवहारी माणसाने म्हटले असते, बुडत्या होडीत आणखी माणसे घेऊ नका.

पण देवालयाभोवती पडीक जमीन होती, आणि आलेले लोक जन्माचे शेतकरी होते. स्पर्लॉक ह्यांनी पुढे सांगितले की, ही जमीन मीच दिली आहे व शेतकरीही मीच पाठविले आहेत, असे देव आपणांस सांगत आहे, हे त्या जमिनीवरून फिरताना त्यांना स्पष्ट जाणवले. मग ती जमीन नांगरण्यात आली. कारेन लोकांनी आपल्या देशच्या भाज्या लावल्या. त्यांत एक आंबट पाल्याची भाजी होती, जी आपल्या बाया अंबाडी म्हणून भाकरीबरोबर करतात तिच्याच जातीची. त्या पिकातून त्यांच्या चुली पेटल्या आणि विक्रीतून मंडळीलाही हातभार लागला. जुने गोरे सभासद, ज्यांपैकी पुष्कळांनी कधी खुरपे धरले नव्हते, ते नवख्यांच्या हाताखाली काम शिकले. येथे आम्ही वाचकांना थांबण्याची विनंती करतो. दान देणारा कोण व घेणारा कोण, हे त्या शेतात सांगता येईना. २०१७ साली ह्या गोष्टीवर चित्रपट निघाला. चित्रपटात सर्व लवकर गोड होते, शेतात तसे होत नाही हे आपणांस ठाऊकच आहे. पाळक स्पर्लॉक काही वर्षांनी न्यूयॉर्कला गेले, तरी मंडळी टिकून राहिली. कारण ती एका पाळकाच्या खांद्यावर उभी नव्हती.

ह्या गोष्टीचा एक धागा आमच्या दारापर्यंत येतो. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले आणि मराठी मिशनाचा पाया पडला. हॉल साहेब १८२६ साली नाशिककडच्या फेरीत पटकीने वारले. त्याच पाचांपैकी अडोनिराम जडसन ब्रह्मदेशास गेले, आणि त्यांच्या कामाच्या परिवारातच १८२८ साली को था ब्यू ह्या पहिल्या कारेन माणसाचा बाप्तिस्मा झाला. जडसन बाप्तिस्मावादी झाले होते व स्मर्नाचे कारेन अँग्लिकन होते, तेव्हा वंशावळ सरळ जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. तथापि ज्या देशातून शुभवर्तमान कारेन लोकांकडे गेले, त्याच देशातील एक मरणोन्मुख मंडळी कारेन लोकांच्या हातांनी उठली, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता, उपदेशक बंधूंनो, आपल्या गावाकडे पाहा. आपली मुले मुंबई-पुण्याला गेली आणि देवालयात म्हातारी माणसे उरली, अशी पत्रे आम्हांस येतात. गावाच्या कडेला हंगामात ऊसतोडीच्या कोप्या पडतात, वीटभट्टीवर परजिल्ह्यातील कुटुंबे राहतात. त्यांत प्रभूचे नाव घेणारेही असतात. त्यांच्या कोपीत आपण कधी बसलो काय? आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? महारवाड्यातून आलेले व मांगवाड्यातून आलेले हा भेद बाप्तिस्म्यानंतरही पुष्कळ ठिकाणी बैठकीच्या रांगांत दिसतो. एकाच तांब्याचे पाणी घेण्यास जे हात कचरतात, ते प्रभूच्या मेजावरील एकाच भाकरीला कसे लागतात, हे आम्हांस कळत नाही.

एक इशारा मात्र देणे अवश्य आहे. आपली रिकामी बाके भरावीत म्हणून परक्यांना बोलावू नये. ते आमच्या मंडळीचे खत नव्हेत. पुष्कळ ठिकाणी नवख्याला ‘या, बसा’ म्हणतात, चहा देतात, आणि वर्षानुवर्षे तो पाहुणाच राहतो. शास्त्रपाठ वाचावयाचा जुन्यांनी, दानाचे पैसे मोजावयाचे जुन्यांनी, पंचांत बसावयाचे जुन्यांनी, देवालयाची किल्लीही जुन्यांच्याच घरी. यरुशलेमेत पळी हातातून सोडावी लागली, क्लार्क्स्टनात जुने नाव सोडावे लागले, स्मर्नात जमीन सोडावी लागली. आपल्या मंडळीत काय सोडावे लागेल हे त्या त्या गावच्या पंचांनाच ठाऊक. येत्या सभेत तो विषय कोणी तरी काढावा.

आणि यरुशलेमेतील त्या विधवांच्या गोष्टीचा पुढचा भाग अकराव्या व तेराव्या अध्यायांत आहे, तोही घरी वाचावा. छळाने पांगलेले लोक अंत्युखियास गेले व तेथे ग्रीकांनाही वचन सांगू लागले. तेथेच शिष्यांना प्रथम ख्रिस्ती हे नाव मिळाले. त्या मंडळीचे संदेष्टे व शिक्षक पाहा : कुप्राचा बर्णबा, निग्र म्हणजे काळा म्हटलेला शिमोन, आफ्रिकेतील कुरेनेचा लूक्य, हेरोदाच्या घरी वाढलेला मनाएन आणि तार्साचा शौल. दुष्काळ पडणार असे ऐकताच ह्या मिश्र मंडळीतील प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली, आणि बर्णबा व शौल ह्यांच्या हाती ती यहूदीयातील वडिलांकडे पाठविली. जेथे एके काळी ग्रीक विधवांची भाकर चुकली होती, तेथे ही भाकर पोहोचली.