एकी कुणाशी?

'एक अनेक और एकता' ही कार्टून फिल्म फिल्म्स डिव्हिजननं १९७४ साली काढली. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसैन यांची. दूरदर्शनवर ती बघत वाढलेले आमच्या खात्यातले जुने कामगार नुसतं नाव काढलं तरी हळवे होतात. माझ्या वयाचे फणकारतात : एकीचे धडे आम्हालाच काय देता?

दोस्तांनो, मला दोघंही अर्धेच पटतात. चिमण्या दाण्याला भुलतात, अडकतात, मिळून जाळ्यासकट उडतात. झकास. पण त्या जाळ्यात एकही चिमणी दुसरीला 'लांब सरक' म्हणत नाही. शिवाय जाळं टाकणारा बाहेरचा. (गोष्ट मराठीत सांगताना आपण त्याला पटकन 'पारधी' म्हणतो, म्हंजे तिथंही एक जमातच गुन्हेगार!) आपल्याकडं जाळं विणणारे आतच बसलेत. त्याच १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली होती. हजारो जातींत फुटलेली माणसं राष्ट्र कशी होतील, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ लाच घटना समितीत विचारलं होतं. आणि एकी काय, गावाचीही असते. आपल्यावर बहिष्कार टाकताना तर पक्की असते.

तरी ती फिल्म मी टाकून देत नाही. कारण उडून झाल्यावरही जाळं अंगावरच असतं. ते कुरतडतात उंदीर. जुन्यांना विचारलं, तर चिमण्या सगळ्यांना आठवतात. उंदीर एकालाच आठवले.