आज्ञावलीचा अर्थ आणि अर्थाची जबाबदारी

संगणकाच्या आज्ञावलीला अर्थ असतो, असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते? यंत्र जे करते तोच तिचा अर्थ, हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. ते स्वीकारल्यास यंत्राबरोबर अर्थही बदलतो आणि ‘यंत्र चुकले’ या विधानाला आधार उरत नाही. चूक संभवण्यासाठी अर्थ कृतीहून स्वतंत्र असावा लागतो.

ऑक्सफर्ड येथे ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी या स्वातंत्र्याचा गणिती पाया शोधला. भाषेतील प्रत्येक घटकाला एक गणिती वस्तू नेमून द्यावी आणि संपूर्ण आज्ञावलीचा अर्थ घटकांच्या अर्थांतूनच सिद्ध व्हावा, ही त्यांची भूमिका होती. पदे प्रथम आपापले अर्थ सांगतात व नंतर त्यांचा अन्वय होतो, असे मानणाऱ्या कुमारिल भट्टांच्या अभिहितान्वयवादाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. अडचण होती ती स्वसंदर्भाची. लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये फलन स्वतःलाही लागू करता येते. परंतु एकाहून अधिक घटक असलेल्या संचावरील सर्व फलने त्या संचात मावत नाहीत, हे कँटर यांच्या सिद्धान्तावरून निघते. १९६९ मध्ये डेना स्कॉट यांनी मार्ग काढला. वस्तूंची मांडणी माहितीच्या चढत्या क्रमाने करावी आणि तो क्रम व त्यातील सीमा जपणारी संतत फलनेच तेवढी घ्यावीत, असा तो मार्ग होता.

त्यामुळे स्वतःचाच आधार घेणाऱ्या व्याख्येलाही अर्थ लाभला. क्रमगुणिताच्या व्याख्येत पहिल्या पायरीवर काहीच ज्ञात नसते, दुसरीवर फक्त ० चे उत्तर मिळते, तिसरीवर ० आणि १ यांचे. या वाढत्या अंदाजांची सीमा हाच त्या व्याख्येचा अर्थ. कधीच न थांबणाऱ्या आज्ञावलीलाही येथे स्थान आहे: क्रमाच्या तळाशी, माहितीच्या पूर्ण अभावाचे.

या व्यवस्थेत समानार्थी आज्ञावल्या परस्परांच्या जागी ठेवल्या तरी एकूण अर्थ अबाधित राहतो. काव्य नेमके हेच नाकारते. तेथे शब्द बदलला की आशय ढळतो. आज्ञावलीच्या अर्थाला ही निश्चिती लाभते, कारण लेखकाचा हेतू आणि वापराचा प्रसंग त्यातून आधीच वगळलेले असतात.

वगळलेले मात्र नाहीसे होत नाही. टोनी होअर यांनी १९६९ मध्येच मांडलेल्या तर्कपद्धतीत आज्ञावलीविषयीचे विधान सशर्त असते: आधी अमुक सत्य असेल आणि आज्ञावली थांबली, तर नंतर तमुक सत्य असेल. ‘आधीचे अमुक’ खरे आहे की नाही, याची हमी ती आज्ञावली देत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हा युरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्यातील आज्ञावलीचा एक भाग एरियान ४ मधून घेतलेला होता. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. एरियान ४ च्या मार्गावर ती मावत असे. त्या भागाचा अर्थ बदलला नव्हता, त्याच्या भोवतीचे जग बदलले होते.

म्हणून ‘आज्ञावली अर्थाप्रमाणेच वागली’ हे विधान निर्दोषत्वाचा दाखला ठरत नाही. गणित अर्थ निश्चित करते. तो अर्थ कोणत्या जगात लागू करावा, याचा निर्णय आणि त्याचे उत्तरदायित्व माणसाकडेच राहते.