मागचा दिवा

शिरोळ तालुक्यातल्या एका गावात अण्णांचा ट्रॅक्टर लांबूनच ओळखू यायचा. बॉनेटवर रंगीत दिव्यांची माळ, छताला दोन फोकस, मडगार्डावर रेडियममध्ये लेकीचं नाव, आणि सीटमागं एवढाले स्पीकर, की ट्रॅक्टर कुरुंदवाडच्या रस्त्याला लागला की गावात घरबसल्या कळायचं. या सगळ्याला अण्णांनी हात सैल सोडला होता. मागच्या दोन ट्रॉल्यांना मात्र दोन-दोन लाल दिवे होते आणि त्यांची वायर हूकाजवळ चिंधीनं बांधलेली होती. हंगामाच्या सुरुवातीला साखर कारखान्यावर तपासणी व्हायची, तेव्हा उभ्या गाडीत ते दिवे लागायचे. तेवढ्यावर अण्णांचं भागत होतं.

दिवाळी सरली, बॉयलर पेटला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. तोड संपून ट्रॉल्या भरेपर्यंत दिवस मावळायचा, म्हणजे खेप निघायची ती रात्रीच. ट्रॅक्टरवर अण्णांचा पुतण्या संभा. त्याला एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. दिवसा, सगळे दिवे बंद असताना ब्रेकवर पाय ठेवला की डॅशबोर्डवरचा एक बारका दिवा उगाच मिणमिणायचा. रात्रीचा प्रकार त्याला मागनं येणाऱ्या दूधवाल्यानं सांगितला, ‘‘ब्रेक दाबला की तुझं दिवं विझल्यागत हुत्यात रं. आन् साईड दिलीस की सगळंच मिचकावत्यात. वळायचंय कुणीकडं, काय कळायचं आमी?’’

अण्णा म्हणाले, बल्ब हलके असतील. जास्त वॉटचे बल्ब आणले. दिवे आणखी मंद झाले. मग कुणीतरी बॅटरीवर बोट ठेवलं. नवी बॅटरी आली, चांगले पैसे गेले, फरक शून्य. आपल्याकडं दुरुस्तीची सुरुवात बहुधा सगळ्यात महाग वस्तूपासून होते, आणि दुकानदारही त्याला कधी नको म्हणत नाही.

शेवटी संभानं ठरवलं, आपणच नव्यानं वायरिंग करू. बाजारातून सात पिनचा प्लग आणि सात रंगांची केबल आणली. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर काळी असते, हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळं केबलमधली काळी वायर त्यानं ट्रॉलीच्या चासीला आवळली आणि पांढरी तशीच गुंडाळून ठेवली. दिव्यांचा खटका दाबला, फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसऱ्या वेळी त्यानं फ्यूजवर तांब्याच्या तारेचे चार वेढे मारले. फ्यूज काही आता उडणार नव्हता. पण थोड्याच वेळात स्टिअरिंगखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला, तेव्हा पोरानं घाबरून बॅटरीची वायर ओढून काढली आणि ट्रॅक्टर तिकटीवर बापूंच्या शेडपुढं ओढून आणला.

बापू गावातले म्हातारे वायरिंगवाले. शेडमध्ये एक बाकडं, एक व्हाइस, आणि खिळ्याला टांगलेला टेस्ट लॅम्प. त्यांनी बल्बांकडं बघितलंच नाही. आधी ते तांब्याचे वेढे काढले आणि संभाच्या हातावर ठेवले.

‘‘हे काय?’’

‘‘फ्यूज सारखा उडत हुता, बापू.’’

‘‘उडत न्हवता. सांगत हुता. तू त्याचं त्वांड बांधलंस. ट्रॅक्टर गेला असता की रं.’’

मग प्लग उघडून त्यांनी दाखवलं. या सात पिनच्या प्लगमध्ये पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, तपकिरी उजव्या टेललाइटची आणि काळी डाव्या टेललाइटची. अर्थची वायर पांढरी. संभानं डाव्या दिव्याचा करंट सरळ चासीत उतरवला होता. फ्यूज उडणार नाही तर काय होणार?

तेवढ्यात अण्णा बुलेटवरून आले. ‘‘बापू, पयल्यापासनंच ह्यात खोट हाय. बॅटरी नवी हाय, बल्ब भारी हाईत, तरी दिवं मंद.’’

बापूंनी वायरचा एक लांब तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं घेऊन मागच्या ट्रॉलीपाशी गेले. लोखंडावर कानशीनं रंग खरवडला, नाण्याएवढी जागा चकचकीत केली आणि टोक तिथं दाबून धरलं. काळी वायर चासीवरून सोडवून जागच्या जागी लावलेली होतीच. संभाला म्हणाले, ‘‘आता दाब ब्रेक.’’

दिवे असे लागले की भर दुपारी लाल उजेड समोरच्या भिंतीवर पडला. बापूंनी टोक उचललं, दिवे मिणमिणले. परत टेकवलं, लख्ख.

‘‘अण्णा, दिव्याकडं करंट जातोय. माघारी यायला वाट न्हाई,’’ बापू म्हणाले. ‘‘तुमची परतीची वाट हाय हूकाच्या पिनेवरनं. पिनेला ग्रीस, हूकाला रंग, वर गंज. गाडी उभी असली की टेकतंय कुठंतरी, म्हणून तपासणीला दिवं लागत्यात. चालती झाली, खड्ड्यात आपटली, की सुटतंय. मागच्या ट्रॉलीला तर असलं दोन हूक वलांडायला लागत्यात.’’

परतीची वाट बंद झाली की ब्रेकचा करंट त्याच बल्बातल्या टेललाइटच्या तारेतून उलटा शिरतो आणि ट्रॅक्टरकडं येतो. डॅशबोर्डवरचा तो बारका दिवा त्यानंच मिणमिणत होता. बल्ब भारी घातले तेव्हा करंट आणखी लागला, वाट तेवढीच राहिली. बापूंनी पांढरी वायर जाड घेतली, दोन्ही ट्रॉल्यांच्या चासीला रंग खरवडून लग-बोल्टनं आवळली आणि वर व्हॅसलीन फासलं. हूकाजवळ वळणासाठी वायरीला ढील ठेवली, जमिनीला लागणार नाही एवढीच. फ्यूज नेमक्या अँपिअरचा घातला.

अण्णांनी खिशात हात घातला. ‘‘किती झालं?’’

‘‘आज न्हाई. आज रातच्या खेपंच्या मागनं बुलेटवर जावा, कारखान्यापातूर. मग सांगतो.’’

‘‘मी? आन् संभा हाय की!’’

‘‘संभा पुढं बसतोय. त्याला मागं कुठं दिसतंय?’’

अण्णांना हे खुळचटपणाचं वाटलं, पण बापूंच्या शब्दाबाहेर जाणारं गावात कुणी नव्हतं. रात्री खेप निघाली, अण्णा मागं. इतक्या वर्षांत हजारो टन ऊस त्यांनी कारखान्याला घातला होता, पण भरलेल्या आपल्या ट्रॉलीच्या मागं ते अंधारात कधी गेले नव्हते. समोरनं एक ट्रक आला, त्याच्या झोतानं डोळे दिपले. ट्रक गेल्यावर अण्णांना पुढं काहीच दिसेना. ट्रॉली तर तिथंच असायला हवी होती. त्यांनी अंदाजानं ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक उसाच्या टोकांपासून हातभर अंतरावर थांबलं.

दिवे लागलेले होते. ट्रॉलीच्या बाहेर दोन-तीन हात आलेला ऊस आणि लोंबणारे वाढे त्यांच्यावर पडद्यासारखे उतरले होते. लाल रिफ्लेक्टर पट्टीही त्यामागंच. अण्णांनी हॉर्न वाजवून वाजवून गाडी थांबवायला बघितली, पण स्पीकरपुढं संभाला काही ऐकू जाईना. शेवटी पुढं जाऊन बुलेट आडवी घालावी लागली.

तिथंच रस्त्याच्या कडेला, मोबाइलच्या उजेडात, अण्णांनी कोयता घेऊन लोंबणारा ऊस स्वतः छाटला. घामानं भिजले. मागनं दोन मोटारसायकली गेल्या, एकीवर बाई आणि मूल होतं. त्या दोघांकडं बघून अण्णांनी संभाला पहिली शिवी हासडली आणि दुसरी गिळली, कारण ती कुणाला लागू होते हे त्यांना कळलं होतं.

सकाळी ते बापूंकडं गेले. बापूंनी वायर, प्लग आणि मजुरीचे पैसे सांगितले. नव्या बॅटरीच्या मानानं काहीच नव्हते. अण्णांनी ते दिले आणि आणखी एक काम सांगितलं. ट्रॉलीचे दिवे खाली, चासीच्या आडव्या पट्टीवर घ्यायचे, आणि छतावरचा एक फोकस काढला तरी चालेल, पण मागं लाल पट्टी दुप्पट लावायची. मुकादमालाही बजावलं: मागं ऊस लोंबता कामा नये, लोंबला तर गाडी भरून घेणार नाही. स्पीकर मात्र काढले नाहीत; रस्त्यावर आवाज कमी ठेवायचा, एवढंच ठरलं.

आता खेप निघण्याआधी संभा ब्रेक दाबतो, दोन्ही साईड देतो आणि अण्णा मागं उभं राहून बघतात. माघात एकदा मागच्या ट्रॉलीचा डावा दिवा काही केल्या लागेना. बापू गावात नव्हते. भरलेली खेप अण्णांनी रात्रभर फडातच उभी ठेवली. संभा कुरकुरला, उसाचं वजन वाळून घटलं, आणि ज्याचा ऊस होता त्याला ती घट अण्णांनी आपल्या वाहतुकीच्या बिलातून भरून दिली.